तीन मिनिटांची साक्ष

लॉन्ड्रीवालीचा ट्रक ड्रायव्हर नवरा दुकानात शिरला तेव्हा ताई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे चष्म्याची काडी नीट बसते की नाही ते बघत होत्या. काडी जरा घट्ट होती. ताईंनी ती हीटरच्या गरम हवेत धरली, अंगठ्याने हलकेच वाकवली आणि पुन्हा बसवली. "आता मान खाली घाला. अजून. पडतो का? नाही ना? मग झालं." बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. लोकांची नावं विसरत, पण कुणाचा डावा कान किती वर आहे ते विसरत नसत.

ड्रायव्हर दाराशीच थांबला. तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचा, त्यामुळे चर्चमध्ये महिन्यातून एखाद्याच रविवारी दिसायचा, तोही मागच्या बाकावर पेंगताना. आज त्याच्या डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर तो काउंटरपाशी आला. ताई 'बसा' म्हणाल्या तरी बसला नाही.

"ताई, एक मागणं आहे. तिला सांगा, ऑपरेशन करून घे म्हणून."

"कसलं ऑपरेशन?"

"छातीत गाठ आहे तिच्या. कॅन्सरची. तपासून झालंय, रिपोर्ट येऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा ही गेली नाही. आता येत्या गुरुवारची दिलीय. म्हणाले, हीसुद्धा चुकवलीत तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग नाही."

"अहो, पण ती एका शब्दाने बोलली नाही मला. दर रविवारी भेटते."

"नाहीच बोलायची. बरी झाल्यावर चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायचीय तिला, देवाने बरं केलं म्हणून. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, पाळकसाहेबांनासुद्धा नाही, असं ठरवून बसलीय." त्याने खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "तुमच्या साक्षीचं रेकॉर्डिंग आहे तिच्या मोबाइलवर. इस्त्री करताना रोज लावते. ती म्हणते, ताईंना सुईचं टोकसुद्धा लागलं नाही, मग मी सुरीखाली कशाला जाऊ? माझ्या धाकटीला ते सगळं तोंडपाठ झालंय, ताई. खेळताना म्हणते."

ताईंनी काउंटरवरची एक फ्रेम उचलली, पुसली, पुन्हा ठेवली. ती आधीच स्वच्छ होती.

"मला यातलं फार कळत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मी रस्त्यावरचा माणूस. पण दोन पोरी आहेत. ती माझं ऐकत नाही, तिच्या आईचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"बोलते मी," ताई म्हणाल्या. आज सोमवार होता.

आता ही साक्ष म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी ताईंच्या छातीत गाठ हाताला लागली. पहिल्या डॉक्टरांनी नुसती चाचपून "बहुतेक काढावी लागेल" म्हटलं आणि ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशन नको म्हणून त्या घरी येऊन बसल्या. उपास केले, प्रार्थना केल्या, रडून घेतलं, असे तेहेतीस दिवस काढले. चौतिसाव्या दिवशी नवऱ्याने त्यांना जवळजवळ ओढतच दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या ठेंगण्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर बघितलं, म्हणाल्या, ही पाण्याची गाठ आहे, आणि सुई घालून पाणी काढून टाकलं. दहा मिनिटांचं काम. "घरी जा आणि पोटभर जेवा," एवढंच औषध त्यांनी सांगितलं. ताई हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडल्या आणि त्यांनी देवाचे आभार मानले. ते आभार अगदी खरे होते. त्यात काडीची भेसळ नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांनी चर्चच्या मंडळीसमोर सगळं जसंच्या तसं सांगितलं. ठेंगण्या डॉक्टरीणबाई स्टुलावर चढल्या तेही सांगितलं, आणि नवऱ्याने घाबरून पर्स उलटी धरल्यामुळे आतलं सगळं हॉस्पिटलभर सांडलं तेही. लोक हसले, रडले. नऊ मिनिटं झाली. त्या चर्चमध्ये साक्षीला तीन मिनिटं मिळत. एक निवृत्त हेडमास्तर टेबलावर छोटी घंटा घेऊन बसत आणि तीन मिनिटं झाली की वाजवत. बुडता बुडता वाचलेल्या एका माणसाला त्यांनी गळ्याइतक्या पाण्यात असतानाच थांबवलं होतं. ताईंना मात्र त्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "सुरेख झालं. फक्त पुढच्या वेळी तीन मिनिटांत बसवा. मुद्द्याचं तेवढं ठेवा."

तेव्हा ताईंनी साक्ष बसवायला घेतली. आधी पर्स गेली. मग पायऱ्या गेल्या. दुसरं हॉस्पिटल का, कसं, हे समजावण्यात फार वेळ जायचा म्हणून तेही गेलं, आणि हॉस्पिटलच नाही म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंना उभं राहायला जागा उरली नाही. शेवटी सुई गेली. ती कुणी मुद्दाम काढली नाही, ती वेळेत मावत नव्हती. तेहेतीस दिवसांचे चाळीस झाले, कारण तेहेतीस का म्हणून लोक विचारत आणि चाळीस का म्हणून कुणीच विचारत नसे.

उरलं ते फार स्वच्छ आणि सरळ होतं. गाठ होती, प्रार्थना केली, गाठ गेली. ऐकताना लोकांच्या अंगावर काटा यायचा. हळूहळू दुसऱ्या चर्चमधून बोलावणी येऊ लागली, मग शिबिरं, मग मोठे मेळावे. तिथे घंटा नव्हती, हवा तेवढा वेळ होता, पण सुई काही परत आली नाही. ताईंनी पदरची दोन-चार वाक्यं घातली. एका मोठ्या सभागृहात ऐन भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला सुईचं टोकसुद्धा लागलं नाही!" आणि अख्खी सभा उठून उभी राहिली. त्यानंतर ते वाक्य गाळायची सोय उरली नाही. लोक त्याचीच वाट बघत. अठरा वर्षांत ताई स्वतःच सुई जवळजवळ विसरल्या होत्या. जवळजवळच, हे मात्र खरं.

सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करून त्या लॉन्ड्रीत गेल्या. आत वाफ कोंडली होती. वरच्या दांडीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट लटकत होते, प्रत्येकाच्या काजात नंबराची चिठ्ठी. लॉन्ड्रीवाली एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. ताईंना बघताच तिने इस्त्री उभी केली, हात पुसले आणि एकुलत्या एक खुर्चीवरचे कपडे उचलून खुर्ची पुढे सरकवली. तिचं वय छत्तीस. चेहरा उतरला होता, पण डोळे इतके खूश की ताईंना तिच्याकडे नीट बघवेना.

"यांनी सांगितलं ना तुम्हाला? पोटात काही राहत नाही या माणसाच्या," ती हसत म्हणाली. "असू दे. तुम्हाला कळलं ते बरंच झालं. ताई, एकोणचाळीस दिवस झालेत या उपासाला. आधीचा मध्येच मोडला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला."

"गाठ कमी झालीय का गं?"

"वाढलीय," ती शांतपणे म्हणाली. "तुमचीही वाढली होती ना आधी? तुम्ही सांगता ना, छत्तिसाव्या दिवशी दुखणं सोसवेना झालं होतं म्हणून."

हेही पदरचंच होतं. मग त्यांनी जे बोलायचं ठरवून आणलं होतं ते त्या बोलल्या: देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो, औषध हेही त्याचंच देणं, ऑपरेशन केलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही. सगळं बरोबर होतं आणि सगळं गुळमुळीत होतं.

लॉन्ड्रीवालीने मन लावून ऐकून घेतलं. "पण तुम्ही नव्हता गेलात," ती म्हणाली.

ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या घरी आल्या.

नवरा खिडकीशी बसून टेबलफॅनची जाळी पुसत होता. तो नकाशे काढणाऱ्या ऑफिसातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. ताईंनी चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं, अगदी 'सुईचं टोक'सुद्धा सांगितलं. त्याचा हात थांबला.

"मग सांग तिला," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"सुई."

अठरा वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. ताई एकदम भडकल्या. "एवढं होतं तर इतकी वर्षं मूग गिळून का बसलात? मी साक्ष द्यायला उभी राहिले की तुम्ही उठून बाहेर जाता. मला वाटायचं, लाजता."

"लाजायचोच," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी म्हणणार होतो. पण तू इतकं छान सांगायचीस. लोक येऊन तुझे हात धरायचे. मला वाटलं, कुणाचं काय जातंय? तुझ्यापेक्षा माझंच चुकलं म्हण हवं तर."

"मी खोटं नाही बोलले. देवानेच बरं केलं मला."

"नाही कोण म्हणतंय? पण ती सुई कुणाची होती मग?" एवढं बोलून त्याने पुन्हा जाळी पुसायला घेतली. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत राहिल्या.

मंगळवारी सकाळी त्या नेहमीसारख्या पलंगाशी गुडघे टेकून बसल्या. प्रभू, तिला सुबुद्धी दे, एवढं म्हणून झालं आणि मग एक विचार मनात आला. तो कुठून बाहेरून आला असं त्यांना म्हणता आलं असतं, पण तो आतूनच आला होता. समजा, ती नाही गेली गुरुवारी. समजा, मेली. तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बिचारीचा विश्वास कमी पडला. साक्षीला काही होणार नाही. साक्ष जशीच्या तशी राहील.

आणि त्या विचाराने त्यांना हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

दोन पोरींची आई मेली तर चालेल, पण त्या तीन मिनिटांना धक्का लागायला नको, असं त्यांच्याच आत कुणीतरी म्हणालं होतं. लहानपणापासून त्या ऐकत आल्या होत्या की एकाच देवाची भक्ती करायची, दुसरा देव करायचा नाही. त्यावर त्यांनी शिबिरांमधून तासतासभर भाषणं दिली होती. पैसा हा दुसरा देव, मोबाइल हा दुसरा देव, नवी गाडी हा दुसरा देव, असं बोटांवर मोजून दाखवलं होतं. आपला देव मोजायचा राहून गेला. त्याला पुसायचं, सजवायचं, गावोगाव मिरवायचं आणि त्याच्यापायी आता माणसाचा बळी द्यायचा, एवढं सगळं त्यांनी देवाच्याच घरात, देवाचंच नाव घेऊन केलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली. गुडघ्यांवरून उठताना त्यांनी आमेनसुद्धा म्हटलं नाही.

दुपारी जेवायच्या सुट्टीत त्या सरळ लॉन्ड्रीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मला सुई लागली होती. ऐक. चौतिसाव्या दिवशी मी दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. माझी गाठ तुझ्यासारखी नव्हतीच. पाण्याची होती. डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढलं आणि मी बरी झाले. मी हे सांगायचं सोडून दिलं."

लॉन्ड्रीवालीचे डोळे भरून आले आणि तिने ताईंचा हात धरला.

"यांनी फार गळ घातली ना तुम्हाला?"

"अगं, नाही. खरं सांगतेय मी."

"माझा जीव वाचावा म्हणून तुम्ही खोटं बोलायला तयार झालात, ताई. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. पण नका करू असं. परीक्षा आहे ही माझी. चाळिसावा दिवस आहे आज, आजच असं काहीतरी होणार हे मला ठाऊकच होतं."

ताईंनी शपथा घेतल्या, नवऱ्याला विचार म्हणाल्या. "ते तर तुमच्याच बाजूने बोलणार," ती म्हणाली. कागद दाखवावा तर अठरा वर्षांपूर्वीची हॉस्पिटलची चिठ्ठी केव्हाच रद्दीत गेली होती. सुईचा व्रण राहत नाही. मग लॉन्ड्रीवालीने मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं आणि कपड्यांच्या ढिगावर ठेवलं. वाफेतून ताईंचा आवाज आला. भरदार, ठाम, जराही न अडखळणारा आवाज. सुईचं टोकसुद्धा लागलं नाही, असं तो म्हणाला आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंना वाटलं, या रेकॉर्डिंगमधल्या बाईपुढे आपण काय टिकणार.

"ह्या खऱ्या तुम्ही," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

"ती खोटी आहे गं!"

"बरं. मग उद्या महिला मंडळात सगळ्यांसमोर उभं राहून सांगाल? प्रभूच्या घरात?" तिने इस्त्री उचलली. "नाही सांगणार तुम्ही. मला माहीत आहे. तिथे तुम्ही खोटं बोलणारच नाही."

बुधवारी चार वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये चाळीसएक बायका जमल्या होत्या. लॉन्ड्रीवाली तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, मांडीवर पिशवी. पाळकबाईंनी गाणं संपल्यावर ताईंना बोलवलं. "आपल्या ताईंना आज दोन शब्द बोलायचेत. ताईंची साक्ष आपण किती वेळा ऐकलीय, पण पुन्हा ऐकली तरी नवी वाटते, हो ना?" बायका हसल्या, सरसावून बसल्या.

ताईंनी सुरुवातच सुईने करायची असं ठरवलं होतं. पण जीभ जुन्या वाटेनेच चालू लागली. अठरा वर्षांपूर्वी एके सकाळी माझ्या छातीत एक गाठ हाताला लागली, असं त्या म्हणाल्या आणि पुढची वाक्यं आपोआप रांगेत आली. डॉक्टर आले, भीती आली, बंद खोली आली. हॉल शांत होत गेला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे मिटले. ती शांतता ताईंच्या ओळखीची होती. तिच्यात ऊब होती, आणि त्यांना ती या वेळीही हवीहवीशी वाटली. हे नाकारण्यात अर्थ नाही, फार हवीहवीशी वाटली. एवढं एकदा पूर्ण करावं, मग बघू, असंही वाटून गेलं.

"आणि अशा तऱ्हेने चाळीस दिवस..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

लॉन्ड्रीवाली ओठ हलवत होती. पुढचं वाक्य ती त्यांच्या आधीच म्हणत होती.

"चाळीस नाही," ताई म्हणाल्या. "तेहेतीस."

कुणाला काही कळलं नाही.

"तेहेतीस दिवस. चौतिसाव्या दिवशी माझ्या नवऱ्याने मला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी माझ्या गाठीत सुई घातली..."

"हालेलूया!" डोळे मिटलेल्या आजी सवयीने म्हणाल्या. मागून दोघी-तिघींनी आमेन म्हटलं. मग एकेकीच्या लक्षात आलं आणि हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

ताईंनी सगळं सांगितलं. घाईघाईत सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं, आवाज फाटला. इतकं वाईट त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. पाळकबाई चटकन उठल्या. "ताईंना असं म्हणायचंय, की देव डॉक्टरांचाही उपयोग करून घेतो आणि..."

"नाही," ताई म्हणाल्या. "मला म्हणायचंय की मी तुम्हाला अठरा वर्षं खोटं सांगितलं. मला देवापेक्षा माझी साक्ष जास्त प्यारी होती. ती ऐकून कुणी दवाखाना सोडला असेल तर आजच्या आज जा."

"मी ते रेकॉर्डिंग माझ्या बहिणीला पाठवलं होतं," मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली. सगळ्या तिच्याकडे वळल्या. पण ती पुढे काहीच बोलली नाही, खाली बघत राहिली, आणि बहिणीचं काय झालं हे विचारायचं धाडस ताईंनाही झालं नाही.

लॉन्ड्रीवाली उठली. पिशवी छातीशी धरून ती खुर्च्यांच्या मधून निघाली. ताईंच्या समोरून जाताना तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर ताईंना सोसवला असता. ती फसली होती, एवढंच त्या नजरेत होतं. दार तिने आवाज न करता लावलं.

गुरुवारी सकाळी आठला ताई हॉस्पिटलात पोचल्या. नवरा येतो म्हणाला होता, त्याला त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये ड्रायव्हर बाकावर बसला होता.

"आलीय," तो म्हणाला. "काल घरी आली ती तशीच कोपऱ्यात बसली. पोरींशीही बोलली नाही. सकाळी म्हणाली, चला. सही स्वतःच केली." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांपूर्वी छोटं काम होतं. आता आत उघडल्यावर कळेल, किती पसरलंय ते."

ताईंना आत पाच मिनिटं सोडलं. लॉन्ड्रीवाली खाटेवर उशीला टेकून बसली होती. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, केस टोपीत. झग्याच्या बाहीला पडलेली चुकीची घडी ती नखाने सरळ करत होती.

"बसा," ती म्हणाली.

ताई बसल्या.

"ऐकलं मी तुमचं. आलेय इथे. आता एक विचारू का?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "चार महिने मी प्रार्थनेला डोळे मिटले की मला तुम्ही दिसायचा. माईक हातात धरून उभ्या. मला वाटायचं, देवच दाखवतोय. काल रात्री डोळे मिटले तर कुणीच दिसलं नाही. आता भूल देताना डोळे मिटायला सांगतील. तेव्हा कुणाचं नाव घेऊ मी?"

अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला ताईंना कधी क्षणाचाही वेळ लागला नव्हता. देवाचंच नाव, हे खरं उत्तर तर पोरालाही ठाऊक असतं, आणि ते त्यांच्या ओठांवर आलंही. पण ते रेकॉर्डिंगमधल्या त्याच आवाजात आलं, त्याच ठाम, भरदार आवाजात. त्यांनी घाबरून ते ओठांवरच अडवलं.

"मला माफ कर," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"ते नंतर बघू. जगले तर." तिने बाहीची घडी सोडली. "बाहेर थांबायचं तर थांबा. पण माझ्यासाठी प्रार्थना नका करू. आज तरी नको."

चाकांची खाट आली, तिला घेऊन गेली. ताई बाहेर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अठरा वर्षं त्यांच्या मनात सतत काही ना काही शब्द तयार असायचे, ते सगळे गेले होते. प्रार्थना करायची नाही म्हटल्यावर हातांचं काय करावं तेही कळेना.

एक नर्स रजिस्टर घेऊन आली. "ऑपरेशन संपेपर्यंत कोण कोण थांबणार? हे मिस्टर. आणि तुम्ही? पेशंटच्या कोण लागता?"

चर्चमध्ये असत्या तर ताई 'बहीण' म्हणाल्या असत्या. तिथे सगळ्याच एकमेकींच्या बहिणी असत.

"कोण लागता?" नर्सने घाईने पुन्हा विचारलं. "नातेवाईक नसाल तर खाली जाऊन बसा."

"तिला चार महिने इथे येऊ दिलं नाही, ती मी," ताई म्हणाल्या.

नर्सचं पेन थांबलं. तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे बघत होता आणि तिकडेच बघत म्हणाला, "घरच्या लिहा. डॉक्टर बाहेर येऊन जे सांगतील ते यांनीही इथेच बसून ऐकायचंय."

नर्सने 'घरच्या' असं लिहिलं आणि ती पुढे गेली. ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.